तिन्ही छान

"ही कशी होती?" मनकर्णाबाईंनी पहिली कादंबरी वर धरून विचारलं.

"छान," बद्रीनाथ म्हणाले.

"आन् ही?"

"ही बी छान."

"आन् ही तिसरी? ही वाचता वाचता तर तुम्ही चारदा घोरलात."

"ती बी छानच हाय की. तिन्ही छान."

मनकर्णाबाईंनी पुस्तकं परत करायच्या पिशवीत टाकली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. पुस्तक मिटलं की विनातिकीट प्रवाशाला उतरवावं तसा लेखकाला खाली उतरवायचा. पुंडलिकनगरात वाचणारे निम्मे लोक आधी ह्यांना विचारायचे, मगच पुस्तक घरी न्यायचे. आता हृदयाची बायपास होऊन चार महिने झाले होते. चार महिन्यांत अकरा कादंबऱ्या वाचून झाल्या, आणि अकराच्या अकरा छान.

"वाचनालयातली वहिदा काल मला काय म्हणाली माहितीय? 'काकू, काका ठीक हैं ना? ये किताब को छान बोले वो?' काय सांगू मी तिला?"

"सांग, ठीक हाय म्हणून."

"मला तरी कुठं ठीक दिसताय?"

"डॉक्टर काय म्हणाले, इसरलीस? चिडायचं नाय. कशाचाच त्रागा करून घ्यायचा नाय."

"ते पुस्तकांबद्दल थोडंच म्हणाले?"

"वाईट पुस्तकाला न चिडता वाईट म्हणता येतं व्हय? तू म्हणून दाखव."

एवढं बोलून त्यांनी शहाण्या मुलासारखा हात पुढं केला. सकाळचं बीपी बघायची वेळ झाली होती. मनकर्णाबाईंनी दंडाला पट्टा बांधला. दवाखान्यातून माणूस घरी आणला खरा, पण आपला तो तिथंच राहिला, असं त्यांना रोज वाटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा गोड बोलतो, अशी तक्रार कुणी ऐकून घेतं का?

"तिसरी मी बी वाचली," त्या म्हणाल्या. "मला लई आवडली."

"छान."

"शेवट तर असला गोड हाय. चौदा वर्षांनी नवरा माघारी येतो, आन् ती काय बी न विचारता चहाचं आधण ठेवती."

बद्रीनाथ जागच्या जागी चुळबुळले. "छान," ते म्हणाले.

"आन् येतो कसा, बघा ना. सोयगावातून आठच्या गाडीत बसतो आन् नऊला औरंगाबादेत हिच्या दारात. किती ओढ असंल त्याला."

"नऊला?"

"व्हय. तसंच लिहिलंय."

"अगं, सिल्लोड यायलाच साडेनऊ होतात. मधी अजिंठ्याचा घाट हाय, तो काय ह्याच्या बापानं उचलून बाजूला ठेवला? ओढ असली म्हणून एसटीला पंख फुटतात का? लेखक कधी गाडीत बसलाय का नुसताच टेबलाशी बसलाय?"

मनकर्णाबाईंना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. त्यांनी घाईघाईनं मशीनचं बटण दाबलं. बद्रीनाथांचं तिकडं ध्यानच नव्हतं.

"आन् चौदा वर्षं कुठं होतास, म्हणून ती एक शब्द विचारत नाय. गाडी बिघडून मी एक रात्र सिल्लोडला अडकलो, तर तू आठ दिवस विचारत होतीस. अशी असती बाई. चहा म्हणे. पहिल्या पुस्तकात दीडशे पानं माणसं खिडकीशी उभी. कामधंदा नाय का कुणाला? दुसरं जरा बरं होतं, पण त्याला संपवता येईना, म्हणून त्यानं तिघांना मारून टाकलं."

मशीन वाजलं. एकशे अठ्ठावीस, ऐंशी. रोजच्यापेक्षा कमीच.

मनकर्णाबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. ह्या वेळी एकशे चोवीस.

"कमी झालं," त्या म्हणाल्या.

"कमी कसं होईल?"

"तुम्हीच बघा."

बद्रीनाथांनी चष्मा लावून आकडे वाचले. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचले. आकडे तेच होते.

"मला भ्या वाटत होतं गं," ते हळू आवाजात म्हणाले.

"कशाचं?"

"नावं ठेवता ठेवता तिथंच आटोपलं तर? असल्या पुस्तकापायी मरायचं का माणसानं?"

मनकर्णाबाईंना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, मग दोन्ही एकदमच. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"चार महिने एका सज्जन माणसाबरोबर काढले मी," त्या म्हणाल्या. "नुसता जीव नकोसा झाला होता."

"वहिदाला सांग, तिसरीला कुणी हात लावू नका म्हणावं."

"सांगते. पण मला आवडली ती."

"आवडू दे. तुला आवडली म्हणून काय ती चांगली होत नाय."

हे ऐकून मनकर्णाबाईंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. त्या खुशीत पुढं सरकल्या आणि दंडावरचा पट्टा सोडायला लागल्या. बद्रीनाथांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे अजून," ते म्हणाले. "तुझ्या बिनमिठाच्या दुधीबद्दल बोलायचंय."