पातेल्याच्या बदल्यात

"आई, पिशवीतला निळा शर्ट ना? दिला बोहारणीला! हे पातेलं मिळालं बघा," दिवाळीची आवराआवर करता करता सून कौतुकानं म्हणाली.

कुमुदताई पातेलं हिसकावून अनवाणीच जिना उतरल्या. नवरा गेला त्या दिवशी कारखान्यातून येऊन त्यानं काढलेला तो शर्ट. घामाच्या, ऑइलच्या वासासकट त्यांनी बांधून ठेवलेला.

कोपऱ्यावर बोहारीण गाठोडं बांधत होती. "बाई, पाया पडते तुझ्या. हे पातेलं घे, पण शर्ट दे!"

तिनं गाठोडं सोडून शर्ट काढून दिला. कुमुदताईंनी त्यात तोंड खुपसलं.

मागून सून धापा टाकत आली. "अहो आई, मळका कसा देणार? कालच दोनदा घासून धुतला मी."

कुमुदताई हुंगतच राहिल्या. कॉलर, बाह्या, काखेतली शिवण. एखाद्या शिवणीत तरी तो उरला असेल.