बाकावरच्या कुंड्या

“ज्याचा संबंध, तो बाकावर.”

पंचवीस वर्षांपूर्वीचा तो आवाज, संस्थापक डॉक्टरांचा. खर्जातला आणि मायेचा. डॉक्टरांच्या संघटनेची शिस्त समिती त्या दिवशी बसली होती, आणि आज अध्यक्षा असलेल्या डोळ्यांच्या डॉक्टर तेव्हा तिच्यात सगळ्यांत धाकट्या होत्या. तक्रारीतल्या कुठल्याही बाजूशी ज्या सदस्याचं नातं, त्यानं ते बोलून दाखवायचं, उठायचं आणि निकाल लागेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. नियम एवढाच.

बाकावर आता कुंड्या होत्या.

आज टेबलाच्या एका टोकाला, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते हाडांचे डॉक्टर बसले होते. दुसऱ्या टोकाला तक्रार करणाऱ्या बाई. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण वाकडं. डॉक्टरांनी समितीला लेखी उत्तर दिलं होतं: रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.

“मला भरपाई नको,” बाई म्हणाल्या. “हात वाकडा तर वाकडा. ते वाक्य तेवढं खोडा. दिलेल्या प्रत्येक तारखेला मी दहा मिनिटं आधी हजर होते.”

हाडांच्या डॉक्टरांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

अध्यक्षांनी दरवेळचा प्रश्न वाचला. “कुणाचा काही संबंध?”

“नाही,” तिघं सदस्य एका सुरात म्हणाले. इतकी वर्षं हा सूर असाच लागत आला होता.

बाईंनी चष्म्यावरून त्वचेच्या डॉक्टरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. टक्कल पडलेले ते गृहस्थ हळूच उभे राहिले.

“मॅडम, बाई मला सातवीला होत्या.”

“बरं, मग?”

“मला अजून भीती वाटते.”

“अपूर्णांकात कच्चा होता,” बाई अध्यक्षांना म्हणाल्या. “पण खोटं बोलत नसे. आत्ता तेही शिकत होता.”

ते बाहेर गेले. व्हरांड्यातून मावशींचा आवाज आला. कचेरीची झाडलोट, चहा आणि झाडं, सगळं मावशींकडे.

“अहो डॉक्टर, थांबा. वर्षानुवर्षं कुणी बसेना म्हणून मी बाकावर झाडं बसवली. आता ती कुठं ठेवू?”

“द्या माझ्या मांडीवर.”

आत भूल देणाऱ्या डॉक्टरांची खुर्ची मागं सरकली. “आता विषय निघालाच आहे, तर मीही सांगतो. आठवड्यातले तीन दिवस मी यांच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देतो. यांच्याविरुद्ध मत दिलं, तर ते तीन दिवस मलाच झोपा काढाव्या लागतील.”

“जा,” अध्यक्षा म्हणाल्या. त्यांना हसू आवरेना.

उरले कान-नाक-घशाचे डॉक्टर. ते छताकडे बघत होते.

“व्याही,” हाडांचे डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, “सगळ्यांना ठाऊक आहे हो.”

“म्हणूनच सांगितलं नाही. माझी लेक यांच्या घरी दिलीय, हे काय सांगायचं?”

“सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगायला इतकं जड?” बाईंनी विचारलं.

त्यावर ते उठले. बाहेर मावशींनी त्यांच्या हातात कोरफडीची कुंडी दिल्याचं दारातून दिसलं.

अध्यक्षा एकट्या उरल्या. त्यांनी फाइल मिटली आणि टेबलाखाली उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. गुडघा नवा होता. मागच्याच वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी बसवलेला, एक पैसाही न घेता. खर्जातला तो आवाज कानाशी येऊन थांबला होता.

“हा गुडघा यांचाच,” त्या म्हणाल्या. “बाई, माफ करा. तुमची तक्रार मी शेजारच्या शाखेकडे पाठवते. इथं निकाल द्यायला कुणी शिल्लक नाही.”

नव्या गुडघ्यानं झपझप चालत त्या बाहेर गेल्या.

बाकावर चौघं दाटीवाटीनं बसले. गुलाब, कोरफड, जास्वंद, आणि अध्यक्षांच्या मांडीवर नुकतं पान फुटलेलं, नाव कुणालाच ठाऊक नसलेलं एक रोप.

“हलू नका, कळ्या गळतील,” मावशी म्हणाल्या. “फोटो काढू? तुमच्या वार्षिक अंकात छापा.”

चौघंही हसले. पोरं वर्गाबाहेर काढल्यावर हसतात तसे, दबून, एकमेकांना कोपर मारत.

दाराची कडी कधीच नीट बसत नसे. फटीतून आतलं दिसत होतं. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. उजव्या हातानं झाकण फिरवायला गेल्या. मनगट फिरेना. डाव्या हातानं फिरवून बघितलं. झाकण निसटलं.

हाडांचे डॉक्टर उठले. टेबलाला वळसा घालून आले, बाटली घेतली, झाकण उघडलं. मग आपल्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. बाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

“प्या, आजी.”

“आजी घरच्यांना. तुम्ही बाई म्हणा.”

बाई पाणी प्यायल्या. डॉक्टर झाकण बोटांत फिरवत राहिले. बाकावरचं हसू थांबलं; चौघांनी कुंड्या घट्ट धरल्या.

“बाई,” आतून आवाज आला, “तुम्ही सगळ्या सूचना पाळल्या होत्या. हाड जागेवरून सरकलं का, ते बघायला आठव्या दिवशी दुसरा एक्स-रे काढायचा असतो. तुम्ही वेळेवर आला होतात. मीच काढला नाही.”