लाथेची उडी
"तात्या, शेवटचा डाव खेळून घ्या. मशीन न्यायला भंगारवाला आलाय," गेम पार्लरचा मालक म्हणाला. "खास तुमच्या शेवटच्या डावासाठी उडीचं बटण दुरुस्त केलंय. आता काकूंनी लाथ मारायला नको."

तीस वर्षांत तात्यांना गेममधला स्वयंपाकी शेवटच्या शिडीवर काही चढवता आला नव्हता. आज बटण दाबूनही तो पहिल्याच शिडीवरून पडला. तीनदा.

"सरका हो," म्हणत काकूंनी पदर खोचला आणि मशीनला लाथ घातली. स्वयंपाकी टुणकन उडाला. लाथ, उडी, लाथ, उडी करत शेवटची शिडी आली.

"घाल जोरात!" तात्या ओरडले.

काकूंनी घातली. मशीन गपगार झालं.

"टेम्पोत चढवू?" भंगारवाल्यानं विचारलं.

"चढव, पण आमच्या घरी ने. हिच्या लाथेशिवाय न हलणारा मी घरात एकटाच आहे. तेवढीच सोबत होईल."