दरवर्षी थोडी मोठी

ऑनलाइन चित्रकारांच्या त्या ग्रुपवर तिची ही मुलगी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. कुरळे केस, पुढचा एक दात पडलेला, गुडघा खरचटलेला. टॅबवर मन लावून रंग भरून तिने नवं चित्र टाकलं, आणि लोकांनी लगेच लिहायला सुरुवात केली.

"तुमची ही कार्टी दरवर्षी थोडी मोठी होते. काय भन्नाट कल्पना आहे!"

"हिचं नाव काय हो?"

तिने उत्तर टाइप केलं, आणि खोडून टाकलं.

मागे नवरा येऊन उभा राहिला होता. एरवी तिने चित्र काढायला घेतलं की तो काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर सटकायचा. आज मात्र तो तिथेच घुटमळला.

"कान माझे काढलेस," तो हळूच म्हणाला.

"हो."

"आणि डोळे? हनुवटी?"

"ते सगळं माझ्या मनाचं," ती चित्रावरची नजर न हलवता म्हणाली. "जन्मल्यावर ती रडली नाही, म्हणून नर्सनी लगेच दुपट्यात गुंडाळून नेलं तिला. मला एक कानच तेवढा दिसला होता."