फेट्याची गाठ

रेवसच्या धक्क्याला होडी लागली की चंदर कोळी गुडघाभर चिखलात खुशाल उडी टाकायचा, आणि कुबडीवर उभा असलेला सदू ते बघून जळून खाक व्हायचा. एका पायाने सदूला स्वतःच्या भातखाचरातही उतरता येत नव्हतं.

पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईत एकाच तोफगोळ्याने दोघांच्याही पोटरीची शीर तुटली होती. रक्त थांबवायला दोघांनी फेटे सोडून एकमेकांचे पाय जखमेच्या वर बांधले आणि दीड दिवसाने कसेबसे इस्पितळात पोचले. चंदरचा पाय वाचला, सदूचा डॉक्टरांनी कापला.

पंधरा वर्षं पोटात ठेवलेलं आज सदूच्या तोंडून बाहेर पडलंच. "मी तुझा पाय जीव लावून बांधला. तू मातर माझ्या पायाची गाठ ढिली मारलीस!"

चंदरने मासळीची पाटी खाली ठेवली.


"ढिली तू मारलेली व्हती, सदू. म्हणून माझ्या पायात थोडं रगत उतरत राह्यलं, न् त्यो जगला. माझी पडली कोळ्याची गाठ, डाक्टरलाबी सुटली न्हाय. तू मरशील या भ्यावानं मी अशी आवळली, की तुझ्या पायात थेंबभर रगत उतरलं न्हाय."