चेरीचा चौक

"ब्रॅकनेलच्या चौकातली चेरीची झाडं मेली. सगळीच्या सगळी. का मेली, सांगाल?"

परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं. शेजारच्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. सुप्रभाला वाटलं होतं, तोंडी परीक्षेत कंत्राटाचे नियम विचारतील, फार तर कायद्याची कलमं. तिनं पाण्याचा घोट घेतला. एवढी तोंडी पार पडली की ती लँडस्केप आर्किटेक्ट. नावापुढे हक्काची अक्षरं आणि स्वतःच्या ड्रॉइंगवर स्वतःची सही. त्याआधीची सहा वर्षं तिनं दुसऱ्याच्या सहीखाली काढली होती.

"मुळं पाण्यात बुडाली," ती म्हणाली. "तिथे खाली चिकणमाती आहे. खड्ड्यांतलं पाणी बाहेर न्यायला पाइप हवे होते. ते ड्रॉइंगमध्ये नव्हते, म्हणून जमिनीतही गेले नाहीत."

"ते ड्रॉइंग ज्या ऑफिसाचं, तुम्ही तिथेच होतात ना?"

"होते."

होती म्हणजे राबत होती. गिरीश देवस्थळी हे तिच्या बाबांचे पुण्यापासूनचे मित्र. मँचेस्टरचं शिक्षण संपलं तेव्हा बाबांनीच तिला त्यांच्या लंडनच्या ऑफिसात नेऊन बसवलं. देवस्थळींनी तिला घरच्या मुलीसारखं वागवलं आणि तिथेच तिचा घात झाला. ऑफिसातल्या इंग्रज मुलांची ड्रॉइंग ते लाल पेन्सिल घेऊन तपासत, कोपऱ्यात त्यांची नावं घालत. सुप्रभाच्या ट्रेसिंग पेपरवर मात्र नुसती स्वतःची सही ठोकत. घरच्या मुलीचं काय तपासायचं? आणि घरच्या मुलीचं नाव तरी कशाला घालायचं?

तिनं आखलेल्या एका हॉस्पिटलच्या बागेला बक्षीस मिळालं. समारंभात देवस्थळींनी माळ्यांपासून केटररपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. बाग पायवाटेच्या वळणापासून बाकांपर्यंत सुप्रभाची होती. परतताना गाडीत तिनं धीर करून विषय काढला.

"काका, माझा नाव कुठेच नाही."

"माझा नव्हे गं, माझं," देवस्थळी हसत म्हणाले. "आणि तुला कशाला हवंय नाव? You're family! घरच्यांचे कोणी आभार मानतं का?"

मागच्या सीटवर काकू झोपल्या होत्या. सुप्रभा खिडकीबाहेर बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि त्या माणसासमोर रडायचं नव्हतं.

परीक्षेचीही तीच गत. परीक्षेला बसायला वरिष्ठांची शिफारस लागते. ती दर वर्षी मागायची आणि ते दर वर्षी म्हणायचे, "Not ready yet, बाळा. घाई काय आहे?" त्यांना कशी असेल घाई? पोरगी पास होऊन बाहेर पडली असती तर बक्षिसाच्या बागा कोणी काढून दिल्या असत्या? हे कळायला सुप्रभाला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं डूख धरला. वरून ती तीच गुणी मुलगी राहिली. काकांना चहा करून द्यायची, गणपतीला काकूंना मोदक वळू लागायची. मनात मात्र एकच होतं. हा माणूस तिला सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेला बघायचा होता.

ब्रॅकनेलचं काम त्यानंतर आलं. ऑफिसांच्या नव्या इमारतींमधला चौक, त्यात चेरीच्या रांगा. पहिल्या वसंतात सगळा चौक गुलाबी झाला. मासिकात देवस्थळींचा फोटो आला, एका फांदीला हात लावून उभे. दुसऱ्या हिवाळ्यात झाडं काळी पडली. सुप्रभा एका रविवारी जाऊन ती बघून आली. झाडांसाठी तिला फार वाईट वाटलं. काकांसाठी नाही वाटलं.

मग चौकाच्या मालकांनी वकील गाठला आणि ऑफिसातली कामं आटली. सुप्रभाला क्रॉयडनला कौन्सिलमध्ये नोकरी लागली. तिथल्या वरिष्ठ बाईंनी तिचं काम बघितलं आणि मागायच्या आधीच शिफारस लिहून दिली.

"मिस्टर देवस्थळी म्हणतात," परीक्षक आता सावकाश बोलत होते, "की ते ड्रॉइंग तुम्ही केलं होतं."

म्हणजे काकांनी शेवटी तिचं नाव घेतलं होतं! सुप्रभाला हसू फुटत होतं, ते तिनं गिळलं. 'हो' म्हटलं की सहा वर्षं पाण्यात जाणार होती.

"त्या ऑफिसात माझं एकही ड्रॉइंग नाही," ती म्हणाली. "सगळी कपाटं उघडून बघा. माझं नाव कुठेही सापडणार नाही. सही ज्यांची आहे, झाडं त्यांची."

शेजारच्या बाईंनी परीक्षकांकडे बघितलं. मग पेन उचललं आणि पुढचा प्रश्न विचारला, कंत्राटाचा.

सुप्रभा पास झाली. निकाल लागला त्याच आठवड्यात घरी फोन वाजला. देवस्थळींचा आवाज पार खचलेला होता. त्यांची चौकशी बसली होती आणि सहीचा हक्क जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं.

"सुप्रभा, अगं, तू तरी त्यांना सांग. तेव्हा तू ज्युनियर होतीस, तुला कोणी काही करणार नाही. Just tell them you forgot. पाइप दाखवायचे विसरले म्हण. माणूस विसरतो गं!"

"मी विसरले नव्हते, काका," सुप्रभा म्हणाली. "सगळे पाइप काढले होते. इंक सुकल्यावर मीच ते ब्लेडनी खरवडले. तुम्ही सही करताना एकदा तरी खाली बघता का, तेवढंच मला बघायचं होतं."