अर्ध्या मिनिटाचा करंट

"मी काय हेरिंग मासा आहे, रोज खारवायला?" करंटच्या उपचारासाठी मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्याला बांधून घेताना हिन्रिक कुरकुरला.

कुरकुर परवडली, असं विब्केला वाटायचं. स्ट्रोकनंतर नवऱ्याच्या मनावरचा लगामच सुटला होता. मनात येईल ते तोंडून निसटायचं, आणि दिवसातून वीसदा एकच निसटायचं, "टिल कधी येणार गं?"

"येईल की रविवारी, कॉफीला," असं मुलाबद्दल सांगताना ती दर वेळी पाठ फिरवायची.

ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत हलक्या करंटचे वीस दिवस भरले आणि तो प्रश्न थांबला. विब्के डॉक्टरीणबाईंसाठी स्वतःच्या हातचा आलुबुखाराचा केक घेऊन गेली.

बाईंनी प्रयोगाचं बंद पाकीट फोडलं आणि त्या ओशाळल्या. "यांच्या वाट्याला खोटा करंट आला होता हो, तुलनेसाठी. अर्ध्या मिनिटात आपोआप बंद व्हायचा."

विब्के नवऱ्याकडे वळली. "मग विचारायचा थांबलास कसा रे?"

 

"रविवारी तू केकला दोनच बशा मांडतेस, विब्के. आपला टिल गेला ना गं?"